चुंबकमंडल, चुंबकांबर की चुंबकावरण?

रामबागची आजी: नातवाला गणेशोत्सवात पाच मिनिटं मराठीत बोलायचंय. विषय त्यानेच काढला, पृथ्वीचं मॅग्नेटोस्फिअर, म्हणजे पृथ्वीभोवती अवकाशात तिच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल चालतो तो भाग. मी इंदुरात हिंदी माध्यमात शिकलेली, ‘चुंबकमंडल’ सांगून मोकळी झाले. पुण्याची वहिनी फोनवर हसली, “वन्सं, मंडळ म्हणजे वर्गणीवालं! चुंबकांबर म्हणा.” काय खरं?

छावणीकर: वहिनींचं. वातावरणाच्या थरांना मराठीत तपांबर, स्थितांबर म्हणतात, म्हणून चुंबकांबर. हिंदीत क्षोभमंडल, समतापमंडल, म्हणून चुंबकमंडल. आपण इंदूरकर दोन्ही डगरींवर.

राजवाड्यामागचा: मंडल म्हटलं की गोल डोळ्यांपुढे येतो. तीच गोची इंग्रजी शब्दाची. थॉमस गोल्ड यांनी १९५९ मध्ये ‘स्फिअर’ म्हटलं, पण गोल कुठला! सूर्याकडच्या बाजूने सौरवारा, म्हणजे सूर्यातून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, दाबतो, तिथे हद्द पृथ्वीच्या सुमारे १० त्रिज्यांवर, ढोबळ ६५ हजार किलोमीटर. उलट बाजूला चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे. पौर्णिमेच्या आसपास चंद्र त्यातूनच जातो. अंबर म्हणजे वस्त्रही, पीतांबरातलं. मागे लांब पदर सोडलेलं. मला तर हाच शब्द चपखल वाटतो.

छावणीकर: पदर छान, पण तपांबरातलं अंबर म्हणजे आकाशच. व्युत्पत्ती म्हणून सांगू नका हो, पोरगं स्टेजवर बोलून बसेल. ‘चुंबकावरण’ कसं? वातावरणासारखं, आकाराबद्दल अवाक्षर नाही.

राजवाड्यामागचा: आवरण बंद वाटतं. सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की हद्दीवरच्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते.

रामबागची आजी: नातू विचारतो, हद्द हलती असेल तर नकाशा काढतात कसा?

राजवाड्यामागचा: हुशार आहे! एकच यान असलं आणि चुंबकमापीचा आकडा बदलला, तर हद्द यानावरून सरकली की क्षेत्रच बदललं, हे कळत नाही. म्हणून चार यानं, चतुष्फलकाच्या, म्हणजे त्रिकोणी तळाच्या पिरॅमिडच्या, चार टोकांवर. युरोपचं क्लस्टर २००० ते २०२४, नासाचं एमएमएस २०१५ पासून. बदल आधी कोणाला लागला, मग कोणाला, यावरून हद्दीची दिशा आणि वेग काढतात. मी याला नकाशापेक्षा ‘मोजणी’ म्हणेन, शेताच्या मोजणीसारखी. फक्त बांध सारखा सरकतोय.

रामबागची आजी: चुंबकांबर ठरलं. मोजणीही घेतोय. आता मागच्या भागाला शेपूट की पुच्छ?

छावणीकर: धूमकेतूला शेपूट चालते, इथेही चालेल. पुच्छ म्हटलंत तर पहिल्या रांगेतले आजोबा लंकादहन सुरू करतील.