गाव बदललं की सिटिझनशिप लवकर मिळते म्हणे!

पोहे_जिलेबी (इंदूर)
काल इथेच एका ताईंनी लिहिलं होतं: "अमेरिकेत नागरिकत्व अडकलंय? मोठं शहर सोडा, छोट्या राज्यात घर घ्या, चार महिन्यांत शपथ. आमच्या जावयाने केलं." माझे व्याही ते वाचून आज सकाळी सातला फोनवर हजर. "मुलांना हलायला सांगू या का?" चहा गार झाला माझा, म्हणून हे लिहितोय.

एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरायला ग्रीन कार्डावर 5 वर्षं लागतात. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल आणि एकत्र राहत असाल तर 3. अर्ज 90 दिवस आधी भरता येतो, एवढीच काय ती सवलत. ही वर्षं न्यू जर्सीत काढा नाहीतर नेब्रास्कात, एक दिवस कमी होत नाही. उलट नव्या राज्यात गेलात तर अर्ज करण्याआधी तिथे 3 महिने राहिलेलं दाखवावं लागतं. अर्ज आधीच भरला असेल तर 10 दिवसांत पत्ता कळवा, मग फाइल नव्या ऑफिसात जाणार. फाइल "जाणार" म्हणजे काय, हे सरकारी नोकरी केलेल्याला सांगायला नको. मी 34 वर्षं केली.

आणि ज्यांचं ग्रीन कार्डच अडकलंय त्यांनी तर हा विचारही करू नये. ती रांग जन्माच्या देशावर चालते, एका देशाला जास्तीत जास्त 7 टक्के. माणूस इंदुरात जन्मला तो जन्मला. शिकागोहून बॉस्टनला गेल्याने सूतिकागृह बदलत नाही.

बडोद्याची_सून
ती ताई मीच. काका, अर्धंच सांगितलंत. 5 वर्षं सगळ्यांना सारखी, मान्य. पण त्यानंतरचं काय? मुलाखत कुठल्या ऑफिसात हे घरच्या पत्त्यावरून ठरतं, आणि प्रत्येक ऑफिसचा वेळ वेगळा. इमिग्रेशन खातं स्वतःच वेबसाइटवर ऑफिसवार दाखवतं. शपथेचंही तसंच. काही ठिकाणी मुलाखत झाली की त्याच दिवशी, काही ठिकाणी कोर्टाच्या समारंभाची वाट बघत बसा. आमच्या जावयाच्या मित्राने जावयाच्या आधी अर्ज केला होता. तो मोठ्या शहरात अजून वाट बघतोय.

पोहे_जिलेबी
जावई शपथेसाठी गेले की नोकरीसाठी?

बडोद्याची_सून
नोकरीसाठी. पण

पोहे_जिलेबी
झालं तर मग.

बडोद्याची_सून
काय झालं? वाक्य तरी पूर्ण करू द्या! घर त्यांनी मुद्दाम त्या ऑफिसच्या हद्दीत घेतलं. रोज 50 मिनिटं गाडी चालवत कामावर जात होते. हौस म्हणून नाही.

मुरार_ते_म्युनिक
मूळचा ग्वाल्हेरचा, आता जर्मनीत. इथे अर्ज तुम्ही राहता त्या गावाच्या किंवा जिल्ह्याच्या ऑफिसात. कायदा सगळ्या देशाला एक, 2024 पासून 5 वर्षं, पण रांग गावागणिक. मी लहान गावात गेलो, तिथे एकच बाई हे काम बघायची. ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. पुढे काही लिहीत नाही.

राजवाडा_कट्टा (इंदूर)
अमेरिका-जर्मनी सोडा, जयरामपूर कॉलनीत जाऊन विचारा. माझ्या दुकानासमोरचे सिंधी काका सिंधमधून आलेले, आधी उज्जैनला कापडाचा धंदा करून राहिले होते. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख वगैरेंना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले. मध्य प्रदेशातून फक्त इंदूर आणि भोपाळ. बाकीच्या जिल्ह्यांची फाइल राज्याच्या गृहसचिवांकडे. काकांनी इंदुरात भावाशेजारी खोली घेतली आणि कागद इथे लावले. सांगा आता, गाव बदलून फरक पडला की नाही?

बडोद्याची_सून
आणि मे 2021 च्या यादीत आमचं बडोदं आलं! बघा काका.

पोहे_जिलेबी
तिथे अधिकारच जिल्ह्याला दिला होता, म्हणून फरक पडला. अमेरिकेत अधिकार तोच, फक्त टेबल वेगळं. शिवाय लाँग टर्म व्हिसावरच्या माणसाची नोंद एका गावाहून दुसऱ्या गावी हलवणं म्हणजे पुन्हा कागदच. आता 2024 च्या सीएए नियमांनंतर जिल्हा समितीवर टपाल खात्याचे अधीक्षक बसतात आणि निर्णय राज्य पातळीवरच्या समितीचा. तुमच्या काकांची युक्ती जुनी झाली.

राजवाडा_कट्टा
जुनी झाली, पण चालली ना? त्यांचा मुलगा आता मतदान करतो.

कोथरूडकर
चर्चा छान. फक्त एक शंका, "धंदा करून राहिले होते" ही कुठली मराठी? 😀

राजवाडा_कट्टा
आली स्वारी. ही आमच्या घरातली मराठी. पेशव्यांनी मल्हाररावांना माळव्यात धाडलं तेव्हा सोबत व्याकरणाचं पुस्तक दिलं नव्हतं.

कोथरूडकर
अहो, गंमत केली. पण भाषा जपायला नको का?

राजवाडा_कट्टा
जपली म्हणूनच तुमच्याशी मराठीत भांडतोय. चारी बाजूंनी हिंदी, तरी घरात नातवंडं "आजोबा" म्हणतात. तुमच्या सोसायटीतली नातवंडं काय म्हणतात? "ग्रँडपा"?

कोथरूडकर
हे वैयक्तिक होतंय.

स्नेहलतागंज_वाली
होऊ दे वैयक्तिक. माझी भाची इंदूरची, पुण्यात 9 वर्षं. नोकरी तिथे, कर तिथे, मतदार यादीत नाव तिथे. एका नोकरीच्या फॉर्मला महाराष्ट्राचं डोमिसाईल मागितलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, जन्म कुठला? इंदूर. मग 15 वर्षांचा रहिवास दाखवा. आडनाव मराठी, आणि ही बाहेरची! अमेरिका परक्या माणसाला 5 वर्षांत नागरिक करते, आणि आपलं महाराष्ट्र आपल्याच लेकीला 15 वर्षं थांबवतं. इथे कुठलं गाव बदलायचं, सांगा.

मुरार_ते_म्युनिक
हा मुद्दा मात्र लागला.

कोथरूडकर
नियम सगळ्यांना सारखाच आहे. बिहारहून आलेल्यालाही 15 वर्षंच.

स्नेहलतागंज_वाली
तेच तर म्हणतेय. दिवाळी अंकाची वर्गणी मागताना आम्ही "बृहन्महाराष्ट्र", आणि खिडकीवर आम्ही बिहार. बिहारशी माझं भांडण नाही, "बृहन्" शब्दाशी आहे.

कोथरूडकर
बरं. "करून राहिले" मागे घेतो. डोमिसाईल माझ्या हातात नाही.

राजवाडा_कट्टा
"करून राहिले" आमचंच आहे, तुम्ही काय मागे घेणार?

पोहे_जिलेबी
मंडळी, धागा अमेरिकेचा होता.

बडोद्याची_सून
काका, तुम्हीच अजून मान्य करत नाही आहात.

पोहे_जिलेबी
काय मान्य करू? एवढंच: 5 वर्षं पूर्ण आहेत, अर्ज अजून भरलेला नाही, आणि तसंही गाव सोडायचंच आहे, तर ऑफिसांचे वेळ बघून घर घ्यावं. अर्ज भरल्यावर मध्येच हलू नये. आणि हलला नाहीत तरी मुलाखत होऊन 120 दिवसांत निर्णय नाही आला तर तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं, घर विकण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. तुमच्या जावयांना 50 मिनिटांची गाडी लखलाभ.

बडोद्याची_सून
म्हणजे मी बरोबर होते.

पोहे_जिलेबी
"चार महिन्यांत शपथ" हे चूक होतं.

बडोद्याची_सून
साडेचार लागले. लिहिताना राउंड केलं.

पोहे_जिलेबी
(व्याह्यांचा पुन्हा फोन. विचारतायत, जावयांनी घर कुठल्या राज्यात घेतलं? मला नकोय, त्यांना हवंय.)