पावसात एअर फिल्टर भिजू नये म्हणून तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

ओलीवाट
काल पावसाचा जोर वाढला म्हणून पुलाखाली थांबलो होतो. शेजारी एक मुलगा किक मारून मारून घामाघूम. गाडी सुरू व्हायची, काळा धूर सोडायची आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की गुदमरून बंद. तो आवाज ऐकला आणि बाबांची जुनी गाडी आठवली. दर पावसाळ्यात तिचं हेच. बाबा साइड कव्हर उघडून इंजिनची हवा गाळणारा स्पंजचा फिल्टर बाहेर काढायचे आणि दोन्ही तळव्यांमध्ये दाबायचे. पिळू द्यायचे नाहीत, पिळला की फाटतो. मातकट पाणी बोटांतून मनगटावर ओघळायचं. मग कोरड्या फडक्यात गुंडाळून पुन्हा दाबायचे, तेल चोळायचे आणि जागेवर बसवायचे. मी फक्त स्क्रू धरून उभा असायचो, पण केवढं महत्त्वाचं काम वाटायचं ते!

त्या मुलाची गाडी दोघांनी मिळून उघडली. त्याचा फिल्टर कागदी निघाला. खालच्या घड्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या. एअरबॉक्सच्या, म्हणजे फिल्टर बसतो त्या डब्याच्या, झाकणाचं रबर जागेवर नव्हतंच, पाणी तिथूनच शिरत होतं. कागदी फिल्टर दाबून काही उपयोग नाही, त्यामुळे मित्राला फोन करून त्याने नवा मागवला.

तुमचे अनुभव लिहा. उपाय, फसलेले उपाय, आठवणी, सगळं चालेल.

नटबोल्ट
अगदी जवळचा विषय काढलात! कागद भिजला की तंतू फुगतात, छिद्रं बुजतात आणि हवा कमी पडते. कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाच्या) गाडीत पेट्रोल मात्र येतच राहतं, म्हणून मिश्रण जड होतं, काळा धूर येतो, प्लग काजळतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर बघून पेट्रोल कमी केलं जातं, त्यामुळे धूर तितका दिसत नाही, नुसता पिकअप मरतो. लोक मग दिवसभर इंजेक्टरच्या मागे लागतात.

आणि एअरबॉक्सच्या तळाला एक छोटी नळी असते, खाली बूच लावलेली. बऱ्याच गाड्यांत पारदर्शक असते. पावसाळ्यात ती बघत जा हो! पाणी साठलं तर बूच काढून सोडून द्यायचं. दुधाळ, तेलकट काहीतरी आलं तर लगेच घाबरू नका. इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीची, वाफही तिथेच येते, तिच्यातलं तेल आणि पाणी मिसळून तसं दिसतं.

रिमझिम
आमच्याकडे फिल्टर नव्हताच भिजलेला. प्लगची टोपी!! मेकॅनिकने फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर खोलला, तरी पाऊस आला की मिसिंग, गाडी धक्के देत चालायची. शेवटी रात्री अंधारात गाडी चालू ठेवून टाकीखाली वाकून बघितलं तर टोपीच्या कडेने निळी ठिणगी इंजिनवर उडताना स्पष्ट दिसली. रबर तडकलं होतं. टोपी बदलली, विषय संपला. फिल्टरला दोष देण्याआधी अंधारात एकदा बघाच. हात मात्र लावू नका.

मधलीसुट्टी
रिमझिम, थँक यू गं! माझी अगदी अशीच करतेय. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झालाय.

अर्धाक्लच
एअरबॉक्स काढून उघडा कोन फिल्टर लावणाऱ्यांची वेगळीच कथा. आवाज भारी येतो, मान्य. पण मागच्या चाकाचा सगळा फवारा थेट त्याच्यावर. माझ्या मित्राने पावसात त्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. आधी गाडी पळेना, मग पिशवी आत ओढली जाऊन फिल्टरला घट्ट चिकटली आणि गाडी बंद. त्यापेक्षा पाणी झटकणाऱ्या कापडाचा मोजा मिळतो तो चढवा. थेंब बाहेरच्या बाहेर घरंगळतात आणि हवा जाते. त्या मोज्याला तेल लावायचं नाही, तेल लागतं ते आतल्या कापसाच्या फिल्टरला. आणि मोजा म्हणजे जलरोधक डबा नव्हे, पाण्यात बुडला तर काही खरं नाही.

जुनाखोड
पिशवीचं ऐकून जीव कळवळला. इंजिनला किती हवा लागते याचा हिशोब करून बघा. १५० सीसी, चार स्ट्रोक, ६००० आरपीएम. दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास, म्हणजे मिनिटाला ३००० वेळा. कागदावर ४५० लिटर होतात. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून थोडी कमी. तरी एवढी हवा पिशवीतून कुठून येणार? ओल्या गोधडीत तोंड खुपसून धावायला सांगण्यासारखं आहे ते.

मात्र दमट हवेची किंवा धुक्याची धास्ती नको. ती इंजिन सहज पचवतं. दुसऱ्या महायुद्धात तर लढाऊ विमानांच्या इंजिनांत मुद्दाम पाणी आणि मिथेनॉल फवारायचे, नॉकिंग (इंधन वेळेआधी भडकून बसणारे ठोके) टळून जास्त ताकद घेता यावी म्हणून. भीती घोटभर पाण्याची आहे, बाष्पाची नाही.

चारचौघी
आमच्या एअरबॉक्समध्ये उंदीर! गाडी बरेच दिवस उभी होती. झाकण उघडलं तर कापूस, दोऱ्या, सीटचा फोम, आणि मधोमध मऊ खळगा केलेला. पिल्लं नव्हती नशिबाने. फिल्टरचा एक कोपरा कुरतडून टाकलेला, म्हणजे पावसाचं पाणी राहू दे, धूळही थेट आत. तेव्हापासून पावसाळ्याआधी एकदा उघडून बघतोच.

अर्धाक्लच
@चारचौघी घर कोरडं होतं ना? मग तुमचा एअरबॉक्स एकदम उत्तम आहे 😄

चारचौघी
हो की! त्या दृष्टीने कधी बघितलंच नव्हतं 😄

पाचवागिअर
तुंबलेल्या पाण्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझा भाऊ भुयारी रस्त्यात अडकला. समोरून मोठी गाडी आली, लाट सीटपर्यंत चढली आणि इंजिन खट् करून थांबलं. त्याचा फोन आला तेव्हा एवढंच ओरडून सांगितलं, "सेल्फ मारू नकोस, ढकलत बाहेर काढ!" ऐकलं त्याने, म्हणून वाचलं.

पाणी दाबलं जात नाही. १५० सीसीच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो (हवा किती पट दाबली जाते ते) ९.५ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा साधारण १८ मिली. म्हणजे मोठ्या चमच्याहून थोडं जास्त पाणी गेलं आणि स्टार्टर दाबला की कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आम्ही प्लग काढला, इग्निशन बंद ठेवून किक मारली, प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली (तोंड लांब ठेवा). किक नसेल तर वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरवा. मग एअरबॉक्स रिकामा केला, फिल्टर फेकला. ऑइल पांढुरकं झालं होतं, तेही बदललं.

ओलीवाट
बापरे. भाऊ ठीक आहे ना?

पाचवागिअर
हो दादा, मजेत. गाडीही अजून पळतेय.

जुनाखोड
पाचवागिअर, छान सांभाळलंत. पुढे कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो, कधी कधी फिल्टर कोरडा ठणठणीत असतो आणि तरी खोल पाण्यात कार्ब्युरेटरची गाडी बंद पडते. कार्ब्युरेटरच्या व्हेंट नळ्या खाली लोंबत असतात. त्यांची तोंडं बुडाली की बाउलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, हवा शिरत नाही आणि पेट्रोल थांबतं. नळीला टी जोडून एक फाटा टाकीखाली वर नेऊन ठेवला की हा त्रास जातो.

टपटप
सर्व्हिसिंगला धुतात ना, प्रेशरचा पाइप थेट सीटखाली मारतात. पावसाने नाही भिजणार तेवढा फिल्टर त्याने भिजतो. मी शेजारी उभीच राहते आणि सांगते, तिथे नको. रागावतात, पण ऐकतात.

मधलीसुट्टी
टपटप +१. आले परत. स्पंजवाला फिल्टर धुवायला पेट्रोल चालतं का? आणि कुणाला पाठीवरून पाणी न शिरणारा रेनकोट माहीत असेल तर सांगा, माझा मानेतूनच गळतो.

नटबोल्ट
पेट्रोल नको ताई. जोड असेल तिथला चिकटपणा सुटतो, आणि आगीची भीती वेगळीच. साबणाचं कोमट पाणी घ्या, दाबून काढा, सावलीत पूर्ण वाळवा, मग फिल्टरचं तेल सगळीकडे सारखं मुरवा. ते तेलच थोडंफार पाणी अडवतं. कडेला जिथे फिल्टर टेकतो तिथे ग्रीसचा पातळ थर द्या. हे फक्त स्पंजसाठी हं. कंपनीतूनच तेल लावून येणारा कागदी फिल्टर धुवायचाही नाही आणि त्यावर हवाही मारायची नाही, खराब झाला की सरळ बदलायचा.

रिमझिम
मधलीसुट्टी, रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालतेस का? कॉलर वर करून हेल्मेट बाहेरून बसव. माझं गळणं त्यानेच थांबलं.

मधलीसुट्टी
टोपी बाहेरच लोंबत ठेवते मी! उद्या करून बघते.

टपटप
ओलीवाट, ते झाकणाचं रबर वेगळं मिळतं का हो? माझं कडक होऊन आखडलंय.

ओलीवाट
बहुतेक गाड्यांना मिळतं. पार्ट नंबरवरून मागवा, अंदाजाने नको, जाडीत जरा फरक पडला तरी झाकण बसत नाही. बसवताना खाच पुसून घ्या आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून आवळा. एकच बाजू आधी आवळली की दुसरीकडे फट राहते.