मदत हवी आहे: ‘अ‍ॅबरिस्टविथ मॉन अमूर’ गटात घ्यावी का?

माल्कम प्राइस यांची ही कादंबरी (२००१) आमच्या वाचनगटासाठी सुचवली आहे. वेल्सच्या किनाऱ्यावरचं अ‍ॅबरिस्टविथ, खाजगी गुप्तहेर लुई नाइट, बेपत्ता होणारी शाळकरी मुलं आणि गावावर माफियासारखी हुकूमत गाजवणारे ड्रुइड (मुळात प्राचीन केल्टिक पुरोहित). वाचलेल्या दोघांची मतं अगदी उलट: एकीला गुप्तहेरकथांचं विडंबन अफाट आवडलं, दुसऱ्याला रहस्यच पोकळ वाटलं.

मी साठ पानं वाचलीत. अमेरिकन गुप्तहेरकथालेखक रेमंड चँडलर वाचलेला असल्याने त्याची ढब ओळखू आली, मजाही आली. ड्रुइड आणि आयस्टेथवॉड (वेल्श साहित्य-संगीताचा महोत्सव) यांची माहितीही शोधून वाचली, तरी वेल्श संदर्भ निसटतातच.

गटातल्या बहुतेकांनी चँडलर वाचलेला नाही, मराठी अनुवाद मला सापडला नाही. शेवट कृपया सांगू नका. चँडलर आणि वेल्स दोन्ही अनोळखी असताना कुणी ही पूर्ण वाचली आहे का, आणि निव्वळ रहस्यकथा म्हणून ती शेवटपर्यंत धरून ठेवते का?