कोजागिरीला गच्चीवर दाखवायला सायफाय सिनेमा सुचवा (दोन तासांच्या आत!!)

वेंधळी_वेलची
नमस्कार मंडळी. नाशिकची आमची ३२ बिऱ्हाडांची सोसायटी. दर कोजागिरीला गच्चीवर हाऊजी, अंताक्षरी आणि दूध. यंदा पोरांनी बंड केलंय: सिनेमाच हवा, आणि तोही 'स्पेसवाला'. समितीत सायफाय बघणारी मी एकटी, त्यामुळे निवड माझ्या गळ्यात.

अडचणी अशा. सिनेमा दोन तासांच्या आतला हवा, कारण ८ च्या आधी कुणी वर येत नाही आणि १० ला स्पीकर बंद करावाच लागतो. समोरच्या बिल्डिंगमधले काका ९:५९ ला फोन हातात घेऊन बसलेले असतात. प्रेक्षक वय वर्षे ६ ते ८२. चुंबनं, रक्त आणि पोट फाडून बाहेर येणारे प्राणी नकोत. हिंदी चालेल, इंग्रजी असेल तर संवाद कमी. प्रोजेक्टर भाड्याने आणायला २००० रुपये मंजूर झालेत, त्यातही सेक्रेटरींनी दोनदा 'कशाला?' विचारलंय.

काळं_विवर
इंटरस्टेलर. धागा बंद करा.

वेंधळी_वेलची
तो १६९ मिनिटांचा आहे हो. माझाही आवडता आहे, पण दोन तास म्हटलंय.

काळं_विवर
कळतच नाहीत १६९ मिनिटं. मी २०१४ ला तीनदा पाहिला, २०२५ ला आयमॅक्सला परत लागला तेव्हा दोनदा. भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न स्वतः सल्लागार होते, पुढे २०१७ ला त्यांना नोबेल मिळालं. कृष्णविवर उगाच रंगवलेलं नाही, समीकरणं सोडवून काढलंय. आणि त्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तुमच्या काकांना सांगा, आमच्या गच्चीवर अजून दहा वाजलेच नाहीत.

बटाटेवडा
सात वर्षांवरून आठवलं. ती मंडळी ग्रहावरून परत येतात तेव्हा यानात थांबलेला बिचारा २३ वर्षांनी म्हातारा झालेला असतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत कोरम व्हायची वाट बघताना माझं तेच होतं.

तिरसट_तात्या
हल्लीच्या पोरांना सायफाय म्हणजे रडारड आणि ऑर्गन वाटतो. '२००१: अ स्पेस ओडिसी' दाखवा. १९६८ चा, म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या आधीचा. पहिली पंचवीस मिनिटं कुणी एक अक्षर बोलत नाही, तुमची संवादांची अट आपोआप पुरी झाली. आणि अवकाशात आवाज नाही! हवा नाही तर आवाज कुठून येणार? हे कळणारा एकच दिग्दर्शक होऊन गेला. बाकी सगळ्यांकडे स्फोट झाला की दिवाळी.

पक्की_पार्लेकर
तात्या, त्या पंचवीस मिनिटांत माकडं आहेत. सहा वर्षांची पोरं 'स्पेस कधी येणार' विचारून जीव खातील. शेवटच्या वीस मिनिटांत काय झालं ते तर कुणालाच कळलेलं नाही, कळल्याचं सांगणारेही थापा मारतात. तोही दोन तासांच्या वरच आहे.

तिरसट_तात्या
मला कळलंय.

बटाटेवडा
सांगा मग.

(तात्यांचा प्रतिसाद आलेला नाही. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

फोडणी_कमी_घाला
मार्शियन बघा, मार्शियन! आम्ही गावच्या घरी सगळ्या खटल्याला जमवून दाखवला होता. मंगळावर अडकलेला माणूस बटाटे लावतो म्हटल्यावर आई एकदम खूश. 'उपवासाचं पीक घेतो हो, गुणी आहे' वगैरे. बटाटेही चिरायला घेतले तिने तिथेच बसून. मग खत कशाचं घालतो ते पडद्यावर आलं. आईने विळी मिटली, परात उचलली आणि आत गेली ती जेवायलाच बाहेर आली. त्या रात्री साधा वरणभात. तरी सिनेमा चांगलाच आहे.

गुणाकार
अवांतर होतंय पण राहवत नाही. ज्या वादळामुळे तो अडकतो ते वादळच होणार नाही. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. वाऱ्याचा वेग कितीही असला तरी झुळूक आल्यासारखं वाटेल, यान कुठलं कलंडतंय! मूळ कादंबरी लिहिणाऱ्याने स्वतःच कबूल केलंय हे. शिवाय तिथल्या मातीत परक्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, ते बटाटे धुतल्या-सवरल्याशिवाय कुणी खाऊ नयेत.

फोडणी_कमी_घाला
आईला पण तेच म्हणायचं होतं बहुतेक.

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत आम्ही दर उन्हाळ्यात बॅकयार्डमध्ये सिनेमा लावतो. १५० इंची पडदा, लेझर प्रोजेक्टर, सराउंड साउंड. २००० रुपयांत काय मिळणार हो? सरळ विकत घ्या, लाखभरात चांगला येतो. ३२ घरं म्हणजे घरटी तीन हजार फक्त. सिनेमा कुठलाही लावा, चित्र चांगलं दिसलं पाहिजे.

वेंधळी_वेलची
दादा, पाण्याच्या मोटरसाठी घरटी दोनशे काढायला आम्हाला आठ महिने लागले.

चष्मा_कुठे_ठेवला
ताई, 'ग्रॅव्हिटी' फक्त ९१ मिनिटांचा आहे. माणसं दोनच, त्यांतला एक अर्ध्यात जातो. रक्त जवळजवळ नाही. आवाजाचंही भान ठेवलंय, स्फोट होतात ते मुक्यानेच.

वेंधळी_वेलची
अखेर कुणीतरी अटी वाचल्या! हा यादीत घेते.

गुणाकार
घ्या, पण बघताना माझी आठवण काढा. नायिका हबल दुर्बिणीपासून अवकाश स्थानकापर्यंत तरंगत जाते. हबल ५०० किमीच्या आसपास उंचीवर, स्थानक ४०० वर, आणि दोघांच्या कक्षा निरनिराळ्या कोनांत कललेल्या. पाठीवरच्या छोट्या यंत्राने तिकडे जायचं म्हणजे धावत्या फास्ट लोकलमधून हात बाहेर काढून पुलावरून आडव्या जाणाऱ्या बसची दांडी पकडण्यासारखं आहे.

पक्की_पार्लेकर
विरारला रोज करतात.

काळं_विवर
त्या सिनेमाला १० कोटी डॉलर लागले आणि आपलं मंगळयान ४५० कोटी रुपयांत, म्हणजे त्याहून स्वस्तात, मंगळाला पोचलं. खरं यान खोट्यापेक्षा स्वस्त. तरी मी इंटरस्टेलरच म्हणेन.

कॉलेज_कट्टा_९६
लोकहो, गच्चीवर लॉजिक कोण शोधतं? 'इंडिपेंडन्स डे' लावा. परग्रहवासीयांचं शहराएवढं यान आणि आपला हिरो त्यात लॅपटॉपवरून व्हायरस सोडतो! १९९६ चा लॅपटॉप! ना ड्रायव्हर मागितला, ना पासवर्ड. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर आजतागायत मला सापडलेला नाही. टाळ्या-शिट्ट्यांची गॅरंटी. आम्ही चौघांनी एका तिकिटावर (कसं ते विचारू नका) बघितला होता.

गुणाकार
तोही सव्वादोन तासांच्या वर.

निळी_छत्री
हे परग्रहवासी इतके प्रकाशवर्षं पार करून येतात आणि मूर्खासारखे का मरतात हा माझा जुना प्रश्न आहे. एका सिनेमात (नाव घेत नाही, स्पॉयलर होईल) त्यांना पाणी लागलं की कातडी जळते. आणि आले कुठे, तर ७१ टक्के पाणी असलेल्या ग्रहावर. तेही अंगावर एक चिंधी न घालता. आमच्या कोकणात जुलैत उतरले असते तर पाच मिनिटांत सिनेमा संपला असता.

चष्मा_कुठे_ठेवला
'साइन्स' ना?

निळी_छत्री
झाला स्पॉयलर!

कॉलेज_कट्टा_९६
मग हिंदीत 'कोई... मिल गया' आहेच की. वय ६ ते ८२ सगळे जादूला ओळखतात.

बटाटेवडा
जादूला ऊन लागतं. हे रात्री दाखवणार. चार्ज कसा होणार तो?

(आणि तोही पावणेतीन तासांच्या वर आहे. इथे कुणाकडे घड्याळ आहे का?)

पक्की_पार्लेकर
'टेनेट' सुचवणार होते कारण त्याचं थोडं शूटिंग २०१९ ला मुंबईत झालं. मी त्या दिवशी गेटवेच्या बाजूला बसमध्ये अडकले होते, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या मी दिग्दर्शक नोलनसोबत काम केलंय. पण अडीच तासांचा आहे आणि काळ उलटा चालतो. आमच्या सासूबाईंनी मध्येच 'रिमोटवर कोण बसलंय' म्हणून विचारलं होतं.

शाईची_दौत
मराठीत कुणी का नाही सुचवत? नारळीकरांसारखा खगोलशास्त्रज्ञ मराठीत विज्ञानकथा लिहून गेला आणि आपण अजून भुताच्या बाहुल्यांतच रमलोय.

चष्मा_कुठे_ठेवला
२०१६ चा 'फुंतरू' होता की. किती जणांनी थिएटरात जाऊन पाहिला? (मी पाहिला. आम्ही सात जण होतो, त्यातला एक झोपलेला.)

शाईची_दौत
तिकिटं महाग असतात हो.

पाना_पक्कड
सिनेमातलं मला कळत नाही, मांडवाचं सामान भाड्याने देण्याचा धंदा आहे. चार कामाच्या गोष्टी सांगतो. कोजागिरीला चंद्र साधारण सूर्यास्तालाच पूर्वेला उगवतो, ८ ला तो पूर्वेकडेच असणार. तर पडदा पूर्वेच्या बाजूला, तोंड पश्चिमेकडे. टाकीची भिंत त्या बाजूला असेल तर बहारच. चादर लावणार असाल तर दुहेरी घ्या आणि मागे काळी सतरंजी. खालच्या कडेला विटा बांधा, गच्चीवर वारा असतो. मागच्या वर्षी एका ठिकाणी नुसत्या चिमट्यांवर भरवसा ठेवला, ऐन मध्यात चादर उडून दुधाच्या पातेल्यावर. वीस लिटर दूध!

गुणाकार
विटांना अनुमोदन, पण चंद्राला घाबरू नका. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास असतं, प्रोजेक्टरचं काही बिघडत नाही. खरा शत्रू जिन्याच्या डोक्यावरचा हॅलोजन. तो बंद करायला कुणाची परवानगी लागते ते आजच बघून ठेवा.

वेंधळी_वेलची
सेक्रेटरींची. अर्ज करावा लागेल.

चष्मा_कुठे_ठेवला
आणि ताई, एक राहिलं. ओटीटीचं खातं घरच्या वापरापुरतं असतं. ३२ बिऱ्हाडांना जाहीर खेळ लावायचा तर हक्क असणाऱ्यांची परवानगी घ्यायला हवी.

कॉलेज_कट्टा_९६
कोण बघायला येतंय?

चष्मा_कुठे_ठेवला
समोरचे काका.

वेंधळी_वेलची
😐 हा विचारच केला नव्हता.

मनी_माऊ
वॉल-ई. ९८ मिनिटं. पहिला अर्धा तास जवळजवळ मुकाच. कचरा गोळा करणारा यंत्रमानव. सगळ्यांना आवडतो.

वेंधळी_वेलची
पोरांना विचारलं. 'मावशी, तो बेबींचा आहे' असं उत्तर आलं. उत्तर देणारा सात वर्षांचा.

तिरसट_तात्या
आवाज, परवानगी, हॅलोजन! १९०२ साली फ्रान्सच्या मेलिएसने चंद्रावर जायचा सिनेमा काढला, फाळक्यांच्या हरिश्चंद्राआधी अकरा वर्षं. मूळचा जादूगार माणूस. तोफेतून गोळा सोडतात तो थेट चंद्राच्या डोळ्यात रुततो, आणि चंद्रावरच्या लोकांना छत्री मारली की धूर होऊन जातात. तेव्हा कुणी कक्षेचा कोन विचारला नाही. तुम्ही लोक सिनेमा बघायच्या लायकीचेच नाही.

निळी_छत्री
छत्रीने? 😍

काळं_विवर
शेवटचं सांगतो, मध्यंतर करून दोन दिवसांत इंटरस्टेलर.

एडिसनकर
प्रोजेक्टरचं काय ठरलं? मी लिंक पाठवू का?

वेंधळी_वेलची
झाली कोजागिरी! वृत्तांत देते. रागवू नका, तुम्ही सुचवलेलं काहीच लावलं नाही.

तात्यांनी शिव्या घालता घालता सांगितलेला तो १९०२ चा लावला. तेरा-चौदा मिनिटांचा, मुका, कॉपीराइट केव्हाच संपलेला. हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ ला बार्सिलोनात सापडली होती, ती दुरुस्त केलेलीही बघायला मिळते. पिवळे-लाल डगले चादरीवर काय दिसतात! स्पीकर लावलाच नाही. तळमजल्याचे आजोबा पेटी घेऊन बसले आणि मनाला येईल ते वाजवत राहिले. तोफ डागतात तिथे त्यांनी चक्क 'या रावजी'चा मुखडा घेतला.

गोळा चंद्राच्या डोळ्यात घुसला तेव्हा गच्चीवर एकदम शांतता. मग ८२ वर्षांच्या आजी म्हणाल्या, 'अगं बाई, डोळ्यात गेलं त्याच्या. गुलाबपाणी घाला कुणीतरी.' त्यानंतर जे हसू फुटलं ते समोरच्या काकांपर्यंत गेलं. ते दहा वाजता खरोखर आले. तक्रार करायला नाही, 'काय चाललंय' बघायला. त्यांना दूध दिलं. पोरांनी तेवढ्यात तिसऱ्यांदा लावायला लावला. चौथ्या खेळाला सगळ्यांच्या हातात घरच्या छत्र्या होत्या आणि दोन पोरं धूर व्हायला तयारच होईनात, त्यावरून मारामारी. प्रोजेक्टरचे १८०० झाले. हॅलोजनचा अर्ज अजून विचाराधीन आहे, आम्ही त्यावर गोणपाट टाकलं.

तिरसट_तात्या
मी सांगितलं होतं.

बटाटेवडा
तुम्ही सांगितलं नव्हतं, तुम्ही ओरडला होता. ओडिसीचा शेवट सांगताय ना?

काळं_विवर
म्हणजे दोन तासांतली तासभर जागा रिकामीच राहिली? तेवढ्यात इंटरस्टेलरचा पूर्वार्ध झाला असता.

पाना_पक्कड
विटा बांधल्या होत्या का?

वेंधळी_वेलची
सहा. दूध वाचलं.

फोडणी_कमी_घाला
दुधात जायफळ घातलं होतं की नाही? आई विचारतेय.

पक्की_पार्लेकर
जायफळ?? कोजागिरीला केशर, वेलची, चारोळी. जायफळ घातलं की सगळे नऊलाच झोपतात.

गुणाकार
त्याला काही शास्त्रीय आधार