लेबर कॅम्पजवळचा इंग्रजीचा वर्ग: सुरुवात कुठून करावी?

चांदिवली_पूर्व

चांदिवलीत लेबर कॅम्पला लागून एक खोली मिळाली आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळ. १४ जणांनी नावं दिली: आठ बांधकामावरचे (झारखंड आणि मालदा), चार सिक्युरिटीवाले (बिहार, उत्तर प्रदेश), दोन डिलिव्हरीचे. पाच-सहा जण हिंदी वाचतात. तिघांना बहुतेक काहीच वाचता येत नाही, पण ते तसं कबूल करत नाहीत. वर्ग साडेसहाला, पुस्तक शाळेतलं पहिलीचं. तिसऱ्या आठवड्यात पाचच उरले. आधी अक्षरं घ्यावीत की काळ? माणसं टिकवायची कशी? ॲप सुचवू नका, रिचार्ज संपला की तेही संपतं.

फळा_खडू

पहिलीचं पुस्तक आधी कपाटात टाका. चाळिशीच्या गवंड्याला 'ए फॉर ॲपल' म्हणायला लावलं की तो उद्या येत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

वेळ चुकली आहे. साडेसहाला माणूस साइटवरून येतो, मग आंघोळीच्या पाण्याची रांग, मग ज्याची पाळी त्याचा स्वयंपाक. पावणेनऊ ते साडेनऊ ठेवा, ४५ मिनिटांवर एक मिनिट नको. रविवार शक्यतो टाळा. त्या दिवशी खर्ची (आठवड्याचा हातखर्च) मिळते आणि सगळे बाजारात असतात. नवी तुकडी छठ झाल्यावर सुरू करा, होळीपर्यंत चारेक महिने सलग मिळतात. दिवाळीच्या आधी सुरू केलेला वर्ग छठला गावी जातो.

प्रत्येक धडा स्वतंत्र हवा. 'मागच्या वेळी आपण...' अशी सुरुवात केली की मधले दोन दिवस चुकलेला माणूस दारातूनच परत फिरतो.

वाचता येतं का हे विचारू नका. 'चश्मा नहीं लाया' हे उत्तर ठरलेलं आहे. (कधी कधी ते खरंही असतं. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, तेव्हा अक्षर दोन बोटं उंच काढा आणि दिवा फळ्यावर पाडा.) त्यापेक्षा टेबलावर तीन कार्डं ठेवा: एक हिंदी ओळ, त्याचं नाव इंग्रजीत, त्याचा फोन नंबर. 'तुमचं कार्ड उचला' म्हणा. हात कुठे जातो त्यावरून सगळं कळतं आणि कोणाची शोभा होत नाही. कार्डांना जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम, जाड असते आणि फुकट मिळते.

काळ वगैरे आत्ता नकोच. पहिल्या आठवड्यात चार वाक्यं, बोलणं तुटू नये म्हणून: 'स्लोली प्लीज', 'वन मोर टाइम', 'आय डोन्ट नो, आय विल आस्क', 'प्लीज शो मी'. ही नसली की माणूस न समजताही 'यस सर' म्हणतो. कामावरचे निम्मे घोटाळे त्या 'यस सर'मधून होतात.

दुसऱ्या आठवड्यात आकडे, कानाने. थर्टीन-थर्टीपासून नाइन्टीन-नाइन्टीपर्यंत सात जोड्या आहेत. 'टीन' लांब आणि जोर त्याच्यावर. 'टी' आखूड आणि जोर आधीच्या भागावर. हिंदीत शब्दावरचा जोर हलवून अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून कान तिकडे जातच नाही, आणि साइटवर ड्रिल मशीन चालू असेल तर शेवटचा 'न' ऐकूही येत नाही. प्रत्येकाच्या हातात दोन कार्डं द्या, १३ आणि ३०. तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोला, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. दहापैकी आठ बरोबर आल्याशिवाय पुढची जोडी नको. बोलायला नंतर लावा, आधी फक्त कार्ड वर.

उच्चार सगळे दुरुस्त करत बसू नका. 'इस्टॉप' म्हटलं तरी अख्ख्या मुंबईला कळतं, सोडून द्या. 'शीट'ला 'सीट' म्हटलं तर वस्तू बदलते, ते धरा.

सेंटरिंगवाला

वरच्याला पूर्ण अनुमोदन. बांधकामवाल्यांबद्दल थोडं.

या लोकांकडे शंभरेक इंग्रजी शब्द आधीपासून आहेत, फक्त झिजलेले. शटरिंग, कॉलम, बीम, प्लास्टर, हेल्मेट, ओव्हरटाइम. पहिल्या दिवशी त्यांच्याकडूनच ते फळ्यावर लिहून घ्या, 'आपल्याला काहीच येत नाही' ही भीती तिथेच निम्मी होते. मग झीज दाखवा. 'लेंटर डालना' म्हणजे त्यांच्या बोलीत स्लॅब भरणं; मूळ शब्द 'लिंटेल', आणि इंजिनिअर तो दार-खिडकीवरच्या पट्टीसाठी वापरतो. दोघं एकच शब्द बोलतात आणि वेगवेगळ्या जागी बघतात. 'लेबल'चंही तेच: 'लेव्हल' आणि 'लेबल' दोन्हींना एकच उच्चार. पाणसळ एका हातात धरा, सिमेंटच्या गोणीवरचा छाप दुसऱ्या हाताने दाखवा, दोन मिनिटांत फरक बसतो.

सगळ्यात जास्त वेळ 'डोन्ट'ला द्या. भरभर बोलताना 'डोन्ट रिमूव'मधला 'ट' गळतो, उरतो 'डोन'. गोंगाटात तोही जातो आणि कानावर पडतं फक्त 'रिमूव'. टेकू काढण्याच्या बाबतीत हे जिवावरचं आहे. आयएस ४५६ (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक) प्रमाणे साध्या पोर्टलँड सिमेंटच्या स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधलं अंतर) किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. कधी काढायचे ते इंजिनिअर ठरवतो, पण त्याने सांगितलेलं नीट कानात जायला हवं. म्हणून एक सवय लावा: हुकूम ऐकला की तो हाताच्या खुणेसह उलटा म्हणून दाखवायचा. 'डोन्ट रिमूव. फोर्टीन डेज. ओके?' वर्गात हे जोडीने करा, एकाने खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं आणि मोबाइलवर गाणं मोठ्याने लावायचं. शांत खोलीत पाठ झालेलं वाक्य साइटवर उपयोगी पडत नाही.

बाब्या_गिरगाव

मुंबईत राहायचं तर आधी मराठी शिकवा की! इंग्रजी कसली?

फळा_खडू

बाब्या, दोन्ही शिकवता येतं. प्रत्येक तासाला पाच मिनिटं मराठी ठेवा: 'थांबा', 'नाव सांगा', 'कोणाकडे जायचंय?', 'जरा हळू बोला'. सोसायटीतल्या आजीशी गार्डला इंग्रजीपेक्षा तेच लागतं. 'ळ'चा आग्रह मात्र पहिल्या महिन्यात नको. फॉर्म, लिफ्ट, गोणी, ॲप यांच्यावर इंग्रजी छापलेलं असतं, त्याला तुम्ही-आम्ही काय करणार. आणि एक: वर्गात कोणालाही 'भैया' म्हणू नका. नाव विचारा आणि नावापुढे 'जी' लावा.

रात्रपाळी

सिक्युरिटीवाल्यांची गोष्ट वेगळी. १२ तासांची ड्युटी, बहुतेक ठिकाणी आठ ते आठ, आणि पाळी बदलत राहते. एकच धडा रात्री आणि सकाळी असा दोनदा घेतला तरच चौघं टिकतील.

त्यांचं पुस्तक म्हणजे गेटवरचं रजिस्टर. कोऱ्या वहीत तसेच रकाने आखा: नाव, फ्लॅट, गाडी नंबर, इन, आउट. अक्षरं ए-पासून क्रमाने नकोत, नंबरप्लेटवरून घ्या, फक्त कॅपिटल. एम आणि एच पहिल्या दिवशी, कारण ते जवळपास प्रत्येक गाडीवर आहेत. पुढचा आकडा आरटीओचा: ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई, हे त्यांना आपोआप पाठ होतं. मधल्या अक्षरांत आय आणि ओ वापरत नाहीत, १ आणि शून्याशी घोळ नको म्हणून. म्हणजे तेवढी दोन अक्षरं कमी. बीएच (भारत) मालिकेच्या प्लेटची सुरुवात मात्र आकड्याने होते, ती वेगळी दाखवा, नाहीतर रजिस्टरमध्ये उलटी लिहिली जाते.

इंटरकॉमवर बी, डी, पी, टी, ई सगळी एकसारखीच ऐकू येतात. 'बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे, टी फॉर ठाणे' असं शिकवा. सफरचंदापेक्षा स्टेशनं बरी. जी आणि जे यांची गल्लत सगळ्यात हट्टी असते, तिथे 'जी फॉर गोरेगाव, जे फॉर जोगेश्वरी'. जी-नंतर 'गो' ऐकलं की अक्षर पक्कं होतं.

चांदिवली_पूर्व

वेळ बदलतो. फॉर्म भरणं कधी घ्यावं? बँकेच्या स्लिपसाठी दोघं मागे लागलेत.

फळा_खडू

अक्षरं वीसेक झाली की लगेच. इथे एकच नियम: नावाचं स्पेलिंग 'बरोबर' करू नका. मालद्याच्या माणसाच्या आधारवर एम-डी असेल तर तेच उतरवायचं. तुम्ही हौसेने पूर्ण मोहम्मद लिहायला शिकवाल आणि आधार, पासबुक, पीएफ या तिन्हींवर तीन नावं होतील. मग पीएफचे पैसे काढताना क्लेम परत येतो. कार्डावरचं नाव कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत उतरवून द्या, रोज पाच वेळा, चौकटीत एक अक्षर. तारीख दिवस-महिना-वर्ष, आणि महिना नेहमी दोन आकडी: ०७, नुसता ७ नाही.

स्लिप भरायच्या सरावाला खरं आधार-पासबुक नको, बनावट नाव आणि नंबर वापरा. आधारचा फोटो ग्रुपवर कोणी टाकला तर तो लगेच काढायला लावा. स्लिप बँकेतून दहा-बारा कोऱ्या मागून आणा. फोटोकॉपी काढू नका, रंग आणि रकाने हुबेहूब असले की काउंटरवर हात थरथरत नाही.