[मंडळ-गप्पा] फॉरेन वर्कर प्रोग्राम खरंच बंद होणार का?

प्रेषक: रोहित
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

यादीवर पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

कॅनडाचे विरोधी पक्षनेते, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे पिएर पॉलिएव्ह यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला टेम्पररी फॉरेन वर्कर प्रोग्राम कायमचा बंद करा म्हणून मागणी केली, तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एक नवी अफवा येते. मी २०२२ ला कॉलेजसाठी आलो. आता पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर ब्रॅम्प्टनला एका वेअरहाउसमध्ये इन्व्हेंटरी बघतो. परमिट पुढच्या वर्षी संपतंय. एक कन्सल्टंट म्हणाला, "आत्ताच एलएमआयए करून घे, पंचवीस हजार डॉलर पडतील. नंतर दारच बंद होईल." (एलएमआयए म्हणजे बाहेरचा माणूस ठेवायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी.) घरी अजून बोललो नाही. बोललो तर बाबा नाशिकचा प्लॉट विकायला काढतील.

कुणाला नक्की माहिती असेल तर सांगा प्लीज.

रोहित

---

प्रेषक: सुहास
शुक्रवार, १० ऑक्टोबर, सकाळी ९:४०

बंद होणार का ते माहीत नाही, पण व्हायलाच पाहिजे.

आज सकाळीच स्टॅटिस्टिक्स कॅनडाचे सप्टेंबरचे आकडे आले. बेकारी ७.१ टक्के. पंधरा ते चोवीस वयाच्या पोरांमध्ये १४.७ टक्के! माझ्या नातीने उन्हाळ्यात साठ-सत्तर ठिकाणी अर्ज टाकले. कॉफीच्या दुकानापासून बागेतलं गवत कापण्यापर्यंत. एकाने बोलावलं, तेही दोन शिफ्टपुरतं. पूर्वी ही कामं शाळकरी पोरंच करायची. आता मालकाला परमिटला बांधलेला माणूस बरा वाटतो, कारण तो उलटून बोलत नाही.

मी १९७८ ला टोरांटोला उतरलो तेव्हा त्या विमानतळाला पियर्सनचं नावसुद्धा नव्हतं. पॉइंट्स मोजून आलो, पहिल्या दिवसापासून कायमचा. हे "टेम्पररी" प्रकरण मला कधी पटलंच नाही. माणूस आणायचा तर राहायला आणा. पॉलिएव्हचं बाकी काही असो, हे एक बरोबर बोलला.

सुहास

---

प्रेषक: नीलेश
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी १:१५

काका, नातीला माझ्या रेस्टॉरंटमध्ये पाठवा, शनिवार-रविवार काउंटरला माणूस हवाच आहे. पण तंदूर ती लावणार आहे का?

चेष्टा बाजूला. कुकसाठी एलएमआयएचा अर्ज केला तर सरकारला दर जागेमागे १,००० डॉलर मालक भरतो. ते कामगाराकडून वसूल करणं हा गुन्हा आहे. रोहितला पंचवीस हजार सांगणारा कन्सल्टंट कशाचे पैसे मागतोय, ते यावरून ओळखा. अशांमुळेच आमच्यासारख्यांकडे सगळे चोर म्हणून बघतात.

आणि "बंद करा" म्हणजे काय बंद करा? ज्या शहरी भागात बेकारी सहा टक्के किंवा वर आहे, तिथले कमी पगाराचे अर्ज सप्टेंबर २०२४ पासून सरकार हातात घेतच नाही, थोडे अपवाद सोडून. टोरांटो त्यात आलं. कमी पगार म्हणजे ऑन्टॅरिओत तासाला ३६ डॉलरच्या खाली, किमान वेतनाचा संबंध नाही. ३६ डॉलरने कुक ठेवला तर थाळीचा भाव काय लावू? माझ्यापुरतं दुकान वर्षापूर्वीच बंद झालंय. बंद करणारे सत्तेतले लिबरल आहेत, पॉलिएव्ह नाही.

---

प्रेषक: सुहास
शुक्रवार, १० ऑक्टोबर, दुपारी २:०५

ह्यांच्या आयडीवरून सुनंदा लिहितेय. हे बँकेत गेलेत.

रोहित आमच्याच बेसमेंटमध्ये राहतो, हे यादीला माहीत असावं म्हणून सांगते. वरच्या मजल्यावरून "बंद करा" लिहायचं आणि एक तारखेला खालून भाडं घ्यायचं, हे मला सकाळपासून खुपतंय. रोहित, तू जेवलास का?

---

प्रेषक: माधवी
शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सुनंदाकाकू, तुम्हाला साष्टांग.

रोहित, आधी तुझं. तुझं परमिट टेम्पररी फॉरेन वर्कर प्रोग्राममध्ये येतच नाही. ते येतं इंटरनॅशनल मोबिलिटी प्रोग्राममध्ये, ज्याला एलएमआयए लागत नाही. नावं सारखी वाटतात आणि बातम्यांत सगळ्यांचाच "फॉरेन वर्कर" होतो. २०२५ साठी सरकारने आखलेला आकडा बघ: टेम्पररी फॉरेन वर्कर ८२,०००, मोबिलिटीवाले २,८५,७५०. आरडाओरडा चाललाय तो छोट्या डब्यावर. पॉलिएव्हच्या मागणीतसुद्धा शेतीच्या हंगामी मजुरांसाठी वेगळी योजना ठेवा म्हटलंय, कारण ऑन्टॅरिओतल्या लीमिंग्टनचे टोमॅटो कोण तोडणार हा प्रश्न त्यांनाही पडतोच.

दुसरं, ते पंचवीस हजार. पूर्वी लोक एलएमआयए विकत घ्यायचे कारण एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कायमचं राहण्यासाठीच्या पॉइंट-पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे ५० पॉइंट मिळायचे, वरच्या पदाला २००. हे पॉइंट २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. म्हणजे तो माणूस तुला मोडीत निघालेली नोट विकतोय. प्लॉट राहू दे नाशिकला.

आता हे पॉइंट कुणी काढले? सरकारने. त्याआधी दोन वर्षं एलएमआयएच्या बाजारावरून सरकारला धारेवर कोण धरत होतं? विरोधक. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. पंधरा वर्षं नव्याने आलेल्यांची कागदपत्रं बघण्यात गेली, त्यातून एक सवय लागली: विरोधकांची मागणी आली की "होणार का?" असं मी विचारत नाही. यातलं सरकार काय उचलेल, किती पातळ करून उचलेल आणि केव्हा, ते बघते. दळण विरोधकांचं, भाकरी सरकारची. लोकांना भाकरी दिसते.

चार उदाहरणं पटकन आठवतात. "अ‍ॅक्स द टॅक्स" करत पॉलिएव्ह दोन वर्षं देशभर फिरले. घरगुती कार्बन टॅक्स बंद केला लिबरल पंतप्रधान मार्क कार्नींनी, १ एप्रिलपासून. पेट्रोलवरचे लिटरमागचे १७.६ सेंट गेले, पण त्याबरोबर तिमाहीला येणारा रिबेटही गेला. ऑन्टॅरिओत चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,१२० डॉलर येत होते. ते आता येत नाहीत हे माझ्या आईला जुलैत कळलं, तोपर्यंत ती टॅक्स गेला म्हणून खूश होती. दुसरं, आयकर. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणाले खालचा टप्पा १५ वरून १२.७५ टक्के करा. कार्नींनी १ जुलैपासून १४ केला. तिसरं, नव्या घरावरचा जीएसटी. ते शुभांगी माझ्यापेक्षा नीट सांगेल.

चौथं जवळचं आहे. ब्रॅम्प्टन आणि सरेमध्ये आपल्या लोकांच्या दुकानांवर खंडणीसाठी गोळ्या झाडल्या जात होत्या. बिश्नोई टोळीला दहशतवादी यादीत टाका ही मागणी कॉन्झर्व्हेटिव्हांनी उन्हाळ्यात केली. ब्रिटिश कोलंबियाचे प्रीमियर डेव्हिड ईबी आणि ब्रॅम्प्टनचे महापौर पॅट्रिक ब्राउन यांनीही केली. २९ सप्टेंबरला सरकारने टाकलं.

लिबरलांकडे एप्रिलच्या निकालात ३४३ पैकी १६९ जागा आल्या. बहुमताला १७२ लागतात. तीन जागा कमी असलेलं सरकार समोरच्याचं ऐकू आल्यासारखं वागतं, एवढंच.

सुहासकाका, टेम्पररीबद्दल तुम्ही म्हणता त्यातलं अर्धं मला पटतं. माणूस एका मालकाला बांधून ठेवणं वाईटच. पण त्यावर उपाय म्हणून परमिट मोकळं करा असंही म्हणता येतं. तुम्ही थेट माणसालाच परत पाठवताय.

माधवी

---

प्रेषक: शुभांगी
शनिवार, ११ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

माधवीने नाव घेतलंच आहे तर. (हो, मी रियल्टर आहे. हो, माझा स्वार्थ आहे. पुढे वाचा.)

नव्या घरावर जीएसटी ५ टक्के. नऊ लाखांच्या टाउनहाउसवर ४५,०००. सरकारचं सी-४ विधेयक म्हणतं, पहिलं घर घेणाऱ्याला दहा लाखांपर्यंत पूर्ण माफ, पुढे पंधरा लाखांपर्यंत कमी कमी होत शून्य. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात, तेरा लाखांपर्यंत सगळ्यांनाच माफ, पहिलं असो की तिसरं. तेरा लाखांवर ते ६५,००० होतात.

जुनी सवलत आहेच, जास्तीत जास्त ६,३०० डॉलर, आणि साडेचार लाखांवरच्या घराला काहीच नाही. ही मर्यादा १९९१ ला ठरली, नंतर कुणी हात लावला नाही. साडेचार लाखांत आज मिसिसागात पार्किंगसकट वन-बेडरूम काँडो मिळाला तर पेढे वाटा.

आता गंमत. या यादीवरच्या ज्यांची घरं मी करून दिली, त्यातली बहुतेक रीसेल. रीसेलवर जीएसटी नसतोच! म्हणजे या भांडणाचा आपल्यातल्या थोड्यांशीच थेट संबंध. खरा पैसा अडकतो डेव्हलपमेंट चार्जेसमध्ये, जे सिटी बिल्डरकडून घेते आणि बिल्डर तुमच्याकडून. वॉन शहराने गेल्या नोव्हेंबरात नव्या स्वतंत्र घराचा चार्ज ९४,४६६ वरून ५०,१९३ वर आणला, मिसिसागाने जानेवारीत निम्मा केला. पॉलिएव्हचं निवडणुकीतलं वचन होतं की जी सिटी हे कमी करेल तिला केंद्र अर्धी भरपाई देईल. तो मुद्दा मला सगळ्यात कामाचा वाटला आणि त्यावर कुणीच बोलत नाही, कारण "डेव्हलपमेंट चार्जेस" म्हटलं की लोकांना झोप येते.

---

प्रेषक: प्रसाद
शनिवार, ११ ऑक्टोबर, रात्री १०:५०

सेफ्टीवर फक्त टोळीचं आलं. माझी हायलँडर ड्राइव्हवेमधून गेली. डोअरबेलच्या कॅमेऱ्यात पूर्ण सिनेमा आहे: दोन पोरं, हुड वर, एक मिनिट चाळीस सेकंद. जाताना ब्लू बिन नीट बाजूला सरकवून गेले. सकाळी बायको म्हणाली, "गाडी सर्व्हिसिंगला दिलीस का?" मागच्या वर्षी एटोबिकोकला पोलीस लोकांना सांगत होते की गाडीच्या किल्ल्या दाराजवळच ठेवा, म्हणजे चोर घरात आत शिरणार नाहीत. आता पाहुण्यांसाठी चप्पल स्टँड आणि चोरांसाठी किल्ली स्टँड.

त्यामुळे कॉन्झर्व्हेटिव्हांनी "जेल नॉट बेल" (जामीन नको, तुरुंग) म्हटलं की मी आधी टाळी वाजवतो, मग विचार करतो.

---

प्रेषक: माधवी
रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

प्रसाद, टाळी वाजव, पण विधेयकात काय आहे ते बघून. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार अर्पण खन्ना यांचं सी-२४२ हे खासगी विधेयक आहे, म्हणजे सरकारने आणलेलं नाही. २०१९ च्या सी-७५ कायद्याने जामिनाच्या वेळी "संयम" हे तत्त्व घातलं: कमीत कमी अटींवर, लवकरात लवकर सोडा. ते तत्त्व काढून लोकांची सुरक्षितता पहिली धरा, आणि गंभीर गुन्ह्यांच्या एका नव्या वर्गात "मला का सोडावं" हे आरोपीनेच पटवून द्यावं, असं हे विधेयक म्हणतं. लिबरलही जामिनाचं स्वतःचं विधेयक आणणार म्हणताहेत. पुन्हा तीच भाकरी.

एक गोष्ट दोन्ही बाजू हळू आवाजात बोलतात. क्रिमिनल कोड ओटावाचा, म्हणजे केंद्राचा, पण जामिनाची कोर्टं, बहुतेक सरकारी वकील आणि निकाल लागेपर्यंत आरोपी जिथे ठेवायचे ते तुरुंग प्रांताचे. कलम ओटावाने बदललं तरी कोठडीतली खाट क्वीन्स पार्कने, म्हणजे ऑन्टॅरिओ सरकारने घालायची.

घरभाड्याचंही तसंच, ते पूर्ण प्रांताचं. आणि तिथले विरोधक वेगळे आहेत! ओटावात कॉन्झर्व्हेटिव्ह विरोधात, इथे ऑन्टॅरिओत त्यांचेच भाऊबंद डग फोर्ड सत्तेत आणि एनडीपीच्या मॅरिट स्टाइल्स विरोधी पक्षनेत्या. १५ नोव्हेंबर २०१८ नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या जागांना भाडेवाढीची मर्यादा नाही, हा फोर्ड सरकारचा नियम. बाकीच्यांना २०२५ ला २.५ टक्के, २०२६ ला २.१. एनडीपी आणि ग्रीन म्हणतात, सगळ्यांना मर्यादा लावा.

सुहासकाका, तुमचं बेसमेंट कोविडमध्ये तयार केलंत ना? आधी नुसते खोके होते तिथे. वेगळं दार, वेगळं किचन. मग ते बहुधा या सवलतीत बसतं. म्हणजे ओटावातल्या विरोधकांचं तुम्हाला पटतं आणि टोरांटोतल्या विरोधकांचं चालायचं नाही. आमच्या घरीही असंच आहे, फक्त उलट.

---

प्रेषक: यादी व्यवस्थापन
रविवार, १२ ऑक्टोबर, दुपारी १२:००

मंडळी, चर्चा छान आहे, पण पुढचे मेल "गप्पा" टॅग लावूनच पाठवावेत. दिवाळीच्या फराळ स्टॉलसाठी अजून चार स्वयंसेवक हवेत. गाडी असलेले. (प्रसाद, माफ कर.)

---

प्रेषक: रोहित
सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

माधवीताई, खूप आभार. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, अठरा हजारात करतो.

मी फराळ स्टॉलला येतो. गाडी नाही, पण उचलाउचलीची रोजची सवय आहे.

---

प्रेषक: सुहास
सोमवार, १३ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

आता मीच लिहितोय.

माधवी, तुझं गणित बरोबर आहे. फेब्रुवारीपासून दीडशे डॉलर वाढवायचे म्हणून भाडेवाढीचा एन-२ फॉर्म प्रिंट करून फ्रिजवर लावला होता, नव्वद दिवसांची नोटीस लागते म्हणून. आज सकाळी बघतो तर सुनंदाने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चकलीच्या भाजणीचं प्रमाण लिहून काढलंय. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक. स्टॉलसाठी.

प्रोग्राम बंद करावा हे माझं मत कायम आहे. रोहित, दुपारी वर ये. गिरणी वरच्या फळीवर आहे, माझा हात पोचत नाही.