एकमेव डंपसाठी जुन्या खेळण्याची चिप फोडावी का?

सोल्डरवाला: निन्टेन्डोने १९८० पासून काढलेल्या ‘गेम अँड वॉच’ या हातात मावणाऱ्या खेळांमध्ये शार्पच्या ४-बिट चिपा असत. त्यातली एसएम५१० घ्या. अख्खा खेळ जेमतेम पावणेतीन किलोबाइटच्या रॉममध्ये, म्हणजे कारखान्यातच कायमच्या भरलेल्या मेमरीत, आणि तो रॉम चिपच्या पोटातच. चिप मेली की खेळ गेला. म्हणून ज्याचा डंप, म्हणजे रॉममधून उतरवून घेतलेली प्रत, अजून कुणाकडेच नाही, त्या खेळाचा एक नग खर्ची घालावा लागला तरी घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रिक आम्लाने वरचं आवरण काढायचं, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्यायचे आणि त्यावरून बिट वाचायचे.

काचपट्टी: अजिबात पटलं नाही. एक नग म्हणताय, पण आवरण काढताना ओरखडा गेला किंवा फोटोत धूळ आली की तेवढे बिट शंकास्पद. मग पडताळायला दुसरा नग फोडणार. शिवाय शार्पच्या याच चिपांना कारखान्यातल्या तपासणीसाठी टेस्ट मोड आहे, तारा जोडून रॉम बाहेर काढता येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस१००० चिपचंही तसंच. मग आम्लाची घाई कशाला?

सोल्डरवाला: टेस्ट मोड असेल तिथे आम्लाचं नावही काढू नये, मान्य. पण स्वस्तातल्या खेळण्यांत चिप थेट बोर्डावर चिकटवून वर काळ्या इपॉक्सीचा गोळा ओतलेला असतो, आणि टेस्टच्या पॅडपर्यंत तारच नेलेली नसते. तिथे काय करायचं? निन्टेन्डोच्याच १९८९च्या गेम बॉयचा बूट रॉम, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम बघा, अवघे २५६ बाइट. काम झालं की तो स्वतःला मेमरीतून बाजूला करतो, मग कार्ट्रिजमधल्या प्रोग्रामला तो दिसतच नाही. तो पहिल्यांदा हाती लागला तो चिप उघडून, फोटोवरूनच.

काचपट्टी: तरी नुसत्या रॉमने खेळ वाचत नाही. गेम अँड वॉचच्या काचेच्या पडद्यावर पिक्सेल नाहीत. माणूस, शिडी, चेंडू, प्रत्येक चित्राची जागा काचेवर कायमची ठरलेली, प्रोग्राम फक्त ते उमटवतो नि पुसतो. काच गेली तर डंप चालवून दाखवणार काय?

सोल्डरवाला: म्हणूनच काच स्कॅन करून प्रत्येक आकृती गिरवून घेतात. मेम या एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्रांची संगणकावर नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, अशा खेळांना रॉमच्या जोडीला चित्रांची वेगळी फाइल लागते, ती हीच.

जुनी_डायरी: थोडं अवांतर, पण महत्त्वाचं. खेळांमागे लागून डिजिटल डायऱ्या विसरू नका. त्यांतला मजकूर रॅममध्ये असतो. मुख्य सेल आणि बॅकअप सेल एकदम काढले की सगळं साफ. आणि मजकूर टिकलाच, तर ते कुणाचे तरी फोन नंबर आणि खासगी नोंदी आहेत. यंत्राचा रॉम जपा, माणसाचा मजकूर जाहीर करू नका.

नियमावर_बोट: डंप काढणं एक, तो वाटत सुटणं दुसरं. कंपनीने विक्री थांबवली म्हणून प्रताधिकार संपत नाही.

सोल्डरवाला: वाटण्याबद्दल मी बोललोच नाही. आधी बिट तरी उरू देत. फोडायला बंद पडलेले नगच घ्यावेत. काच तडकलेली, सेल गळून पट्ट्या गंजलेल्या, तरी चिप बहुधा शाबूत असते.

काचपट्टी: मेलेल्या नगाला माझी ना नाही. पण शोधूनही एकच नग सापडला आणि तो चालू असेल, तर माझं उत्तर नाहीच. त्याचा खेळ पूर्ण चित्रित करा, आवाज टिपा, काच स्कॅन करा आणि चिपला हात न लावता ठेवून द्या.